चट्टे पेटतात तेव्हा

१९८०च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरोगतज्ज्ञांमध्ये एका भाकिताची बरीच चर्चा होती. पूर्व आणि मध्य आफ्रिकेत एचआयव्ही पसरत होता, त्याच्या पाठोपाठ क्षयरोगाने उचल खाल्ली होती, आणि क्षयाचा जंतू नि कुष्ठरोगाचा जंतू एकाच कुळातले. दोघांनाही आवर घालते ती शरीराची पेशींमार्फत चालणारी प्रतिकारशक्ती, आणि एचआयव्ही नेमका तिच्यावरच घाला घालतो. तेव्हा क्षयापाठोपाठ कुष्ठरोगही बोकाळणार, सौम्य प्रकारचे रुग्ण तीव्र प्रकाराकडे घसरणार, औषध घेऊन मोकळे झालेल्यांना रोग पुन्हा गाठणार, असा हा हिशेब होता. भारत, ब्राझील, इथिओपिया अशा देशांत दोन्ही रोग एकाच वस्तीत राहत होते, त्यामुळे तिथे धास्ती जास्त. हिशेबात खोट दिसत नव्हती, पण तो चुकला. विषाणूचा जोर असताना कुष्ठरोगाने फारसे डोके वर काढले नाही. पुढे एचआयव्हीवर प्रभावी औषधे आली, रुग्ण ती घेऊन सावरू लागले, आणि त्यांच्यातल्या काहींच्या अंगावर पहिल्या काही महिन्यांतच लालभडक, सुजलेले चट्टे उठले, नसा ठणकू लागल्या. तपासले तर कुष्ठरोग, आणि तोही रिअ‍ॅक्शनमध्ये आलेला.

रुग्ण खंगत असताना न दिसलेला रोग तो सावरू लागल्यावर दिसावा, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. माझे म्हणणे असे की ते विचित्र वाटायला नको होते. कुष्ठवैद्यकाच्या दप्तरात याचा पुरावा कित्येक दशके पडून होता. रिअ‍ॅक्शन डॉक्टरांना चांगली ठाऊक होती. पण प्रत्येक पिढीने तिचा अर्थ आपल्या हातातल्या औषधाच्या सोयीने लावला. कुणी ती औषधाची करामत मानली, कुणी औषधाचा दोष. ते शरीराचे स्वतःचे काम आहे, आणि कुष्ठरोगातल्या नुकसानीचा मोठा वाटा जंतूपेक्षा या कामातून येतो, ही गोष्ट पचायला फार वेळ लागला. एचआयव्हीच्या रुग्णांनी ती नाकारता येणार नाही इतकी उघडी पाडली.

रिअ‍ॅक्शन म्हणजे काय, हे आधी जवळून पाहायला हवे. कुष्ठरोगाचा चट्टा एरवी शांत असतो. फिकट रंगाचा, न खाजणारा, न दुखणारा; त्यावर घाम येत नाही, बॉलपेनचे टोक टेकवले तरी कळत नाही, आणि म्हणूनच वर्षानुवर्षे त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. रिअ‍ॅक्शनमध्ये हाच चट्टा चार-आठ दिवसांत लाल होतो, फुगून वर येतो, चकाकू लागतो, हाताला गरम लागतो. त्याहून महत्त्वाचे घडते ते कातडीखाली. कोपराच्या आतल्या अंगाला हाडाच्या खोबणीतून जाणारी नस सुतळीसारखी जाड होते आणि नुसती चाचपली तरी रुग्ण हात मागे ओढतो. वेळीच उपचार झाला नाही तर करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आत वळू लागते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस सापडली तर पाऊल उचलत नाही, चालताना बोटे जमिनीला घासतात. चेहऱ्याची नस सापडली तर पापणी पूर्ण मिटत नाही, उघड्या राहिलेल्या बुबुळाला इजा होत राहते. समाजाने ज्या खुणांवरून माणसाला वाळीत टाकले, त्यांच्यामागे बहुतेकदा अशा काही आठवड्यांचा दाह असतो. जंतू स्वतः फार सुस्त आहे. एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे १२ ते १४ दिवस लागतात, ओळखले जाणारे कोणतेही विष तो सोडत नाही, आणि नसांच्या वेष्टनात तो वर्षानुवर्षे निमूट राहू शकतो. तिथे त्याला हेरून शरीराच्या प्रतिकारपेशी धावून येतात तेव्हा नसेच्या अरुंद आवरणात सूज मावत नाही आणि नसेचाच जीव जातो. हा झाला पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारात, ज्यांच्या अंगात जंतूंचा सुकाळ असतो अशा रुग्णांना ताप येतो, अंगभर दुखऱ्या लाल गाठी उठतात, सांधे, डोळे, वृषणेही धरली जातात. याला एरिथेमा नोडोसम लेप्रोसम, थोडक्यात ईएनएल, म्हणतात आणि हे नाव जपानी संशोधक मुराता यांनी १९१२ मध्ये दिले.

आता इतिहास. नॉर्वेतल्या बर्गेन शहरात गेऱ्हार्ड आर्माउअर हान्सेन यांनी १८७३ मध्ये रुग्णांच्या गाठींत काडीसारखे जंतू पाहिले. माणसाचा जुनाट रोग जंतूमुळे होतो हे दाखवणाऱ्या पहिल्या शोधांपैकी हा एक, आणि त्याचे श्रेय कमी करण्याचा प्रश्नच नाही. पण त्या शोधाने एक समीकरण रूढ केले: जंतू म्हणजेच रोग. औषध नव्हते, तेव्हा जंतूला कोंडायचे तर माणसालाच कोंडायला हवे. १८९७च्या बर्लिन परिषदेने अलगीकरणाला पाठिंबा दिला, आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानात लेपर्स अ‍ॅक्ट आला, तो रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. मुंबईत त्याही आधी, १८९० मध्ये, महापालिका आयुक्त हॅरी ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने माटुंग्याला बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रयगृह उभे राहिले; आज वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय म्हणून ते ओळखले जाते. (हेच ॲकवर्थ शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत मराठी पोवाड्यांचा संग्रह करणारे. एका हाताने पोवाडे जमवणारा आणि दुसऱ्या हाताने रस्त्यावरचे रुग्ण उचलून कुंपणात नेणारा हा अधिकारी आपल्या काळाचा नमुना होता.) कुंपणाआड रुग्णाचे काय होते, कधी त्याचे चट्टे पेटतात, कधी विझतात, हा प्रश्न त्या व्यवस्थेला पडण्याचे कारण नव्हते. शहराला संसर्गापासून वाचवणे एवढाच तिचा हेतू.

उपचार करणाऱ्यांना मात्र तो प्रश्न पडला, आणि त्यांनी दिलेले पहिले उत्तर आज वाचताना दचकायला होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत मुख्य औषध होते चौलमुगऱ्याचे तेल आणि त्याचाच भाऊबंद असलेले, सह्याद्रीत उगवणाऱ्या कडू कवठाचे तेल. आधी ते पोटात देत, त्याने मळमळून रुग्ण हैराण होत. मग सुया आल्या, त्याही वेदनादायक. तेलाचा गुण संशयास्पद होता, पण दुसरे हाती काही नव्हते. याच काळात कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये काम करणारे अर्नेस्ट म्यूर यांनी पोटॅशियम आयोडाइड देऊन मुद्दाम रिअ‍ॅक्शन आणण्याची पद्धत वापरली. रिअ‍ॅक्शनमध्ये चट्टे विरघळतात, जंतू मरतात आणि मेलेल्या जंतूंचे अवशेष लशीसारखे काम करतात, असा त्यामागचा विचार. रोग खरोखर संपला की दबून बसला आहे, हे पाहण्यासाठीही आयोडाइड दिले जाई: रिअ‍ॅक्शन आली तर आत अजून काही शिल्लक आहे. म्यूर अडाणी नव्हते. त्यांचे निरीक्षण बरोबर होते, कारण पहिल्या प्रकारच्या रिअ‍ॅक्शनमध्ये जंतू खरोखरच कमी होतात आणि पुष्कळ रुग्णांचे चट्टे नंतर विरतात. प्रतिकारशक्ती जागी झाल्याची ती खूणच असते. चुकली ती जमाखर्चाची बाजू. कातडीवर जे कमावले जात होते ते नसांत गमावले जात होते, आणि जंतू हाच रोग मानणाऱ्या हिशेबात नसेचा रकाना नव्हता.

दुसऱ्या पिढीने नेमका उलटा अर्थ लावला. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानातील कारव्हिल येथे गाय फॅजेट यांनी प्रोमिन हे सल्फोन वापरायला सुरुवात केली आणि कुष्ठरोगावर पहिल्यांदा खरे औषध मिळाले. त्याच गटातले स्वस्त डॅप्सोन १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात मद्रासजवळच्या चिंगलपट येथे रॉबर्ट कॉकरन यांनी वापरले. पुढे त्याच्या गोळ्या आल्या, आणि रुग्णाला कोंडून न ठेवता घरीच औषध पोचवता येईल हे शक्य झाले. वर्ध्याच्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने १९५०च्या दशकात सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी तिहेरी पद्धत गावोगाव रुजवली ती याच गोळीच्या जोरावर, आणि १९५५ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय कार्यक्रमही तिच्यावरच उभा होता. पण सल्फोनच्या काळात रिअ‍ॅक्शन, विशेषतः ईएनएल, पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त दिसू लागली. गोळ्या सुरू झाल्यावर काही महिन्यांत रुग्ण तापाने फणफणे, अंगावर गाठी उठत. रुग्णाच्या दृष्टीने निष्कर्ष सरळ होता: गोळीने बिघडवले. डॉक्टरांचाही तोच. म्हणून रिअ‍ॅक्शन आली की डॅप्सोन बंद करण्याचा, निदान निम्म्यावर आणण्याचा प्रघात पडला. सुरुवातच अगदी थोड्या मात्रेने करून ती हळूहळू चढवण्याची शिफारस पाठ्यपुस्तकांत शिरली.

या भित्र्या प्रघाताची किंमत पुढे मोजावी लागली. १९६० मध्ये चार्ल्स शेपर्ड यांनी उंदराच्या तळपायात कुष्ठजंतू वाढवण्याची रीत शोधली आणि त्यामुळे पहिल्यांदाच औषध जंतूवर चालते की नाही हे तपासता येऊ लागले. १९६४ मध्ये मलायातल्या सुंगाई बुलोह वसाहतीतल्या रुग्णांमध्ये डॅप्सोनला न जुमानणारे जंतू आहेत हे पेटिट आणि रीस यांनी सिद्ध केले. एकच औषध वर्षानुवर्षे देणे हे त्याचे मुख्य कारण खरे, पण कमी मात्रा आणि वारंवार खंड यांनी त्याला हातभार लावला, आणि त्या दोन्हींमागे रिअ‍ॅक्शनची भीती होती. शेवटी जागतिक आरोग्य संघटनेने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन यांचा एकत्रित बहुविध औषधोपचार, म्हणजे एमडीटी, सुचवला आणि त्यासोबत स्पष्ट बजावले की रिअ‍ॅक्शन आली तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत. त्या तिघांतले क्लोफाझिमिन डब्लिनमध्ये व्हिन्सेंट बॅरी यांच्या गटाने क्षयासाठी तयार केलेले. नायजेरियात स्टॅनली ब्राउन यांनी ते १९६०च्या दशकाच्या आरंभी कुष्ठरोगावर वापरले, तेव्हा जंतू मारण्याबरोबरच ते दाहही शमवते असे आढळले. त्वचा काळपट करते म्हणून गोऱ्या कातडीच्या रुग्णांना ते नकोसे, पण एमडीटीच्या काळात ईएनएल काहीसे आटोक्यात राहिले याचे श्रेय बरेच जण त्याला देतात. हाल दाहातून येतात याचा दुसरा पुरावा जेरुसलेममधून आला. याकोब शेस्किन यांनी १९६४ मध्ये ईएनएलने तळमळणाऱ्या, झोप न लागणाऱ्या रुग्णाला झोपेचे औषध म्हणून थॅलिडोमाइड दिले. जन्मजात व्यंगांच्या भयंकर प्रकरणानंतर १९६१ मध्ये बाजारातून उठवलेले हे औषध, पण त्याने गाठी आणि वेदना झपाट्याने ओसरल्या. थॅलिडोमाइड कुष्ठजंतूला मारत नाही. जंतूला हात न लावता रुग्णाचे हाल थांबले, याचा अर्थ हाल जंतू करत नव्हता. १९९८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ईएनएलसाठी ते रीतसर मंजूर केले. त्याआधी आणि नंतरही ब्राझीलमध्ये याच वापरातून ते गर्भवतींपर्यंत पोचून पुन्हा व्यंग असलेली मुले जन्मली, हेही त्या कथेत मोजले पाहिजे.

प्रतिकारशक्तीच्या चढउताराने कुष्ठरोगाचे रूप बदलते, ही मांडणी १९६०च्या दशकातच झाली होती. डेनिस रिडली आणि विल्यम जॉपलिंग या ब्रिटिश डॉक्टरांनी १९६६ मध्ये रुग्णांची पाच पायऱ्यांची प्रतवारी दिली: एका टोकाला जोरदार प्रतिकार, मोजके चट्टे आणि जवळपास जंतूच नाहीत, दुसऱ्या टोकाला प्रतिकार शून्य आणि जंतूंचा पूर. मधल्या पायऱ्यांवरचे रुग्ण डळमळते असतात, वर-खाली सरकतात, आणि सरकताना पहिल्या प्रकारची रिअ‍ॅक्शन येते. या मांडणीची कसोटी निसर्गाने दिलेल्या एका परिस्थितीत लागली. अदिस अबाबात एलिझाबेथ डंकन यांनी १९७०च्या दशकापासून कुष्ठरोग असलेल्या गर्भवती स्त्रियांचा पाठपुरावा केला. गरोदरपणात स्त्रीची पेशीय प्रतिकारशक्ती काहीशी मंदावते, गर्भ सांभाळण्यासाठी ते आवश्यकही असते. बाळंतपणानंतर ती पूर्ववत होते. डंकन यांना दिसले की पहिल्या प्रकारची रिअ‍ॅक्शन आणि तिच्यासोबतचे नसांचे नुकसान बाळंतपणानंतरच्या महिन्यांतच गोळा होते. म्हणजे औषध तेच, जंतू तेच, बदलली ती फक्त शरीराची ताकद, आणि ताकद परत येताना नस गेली. एचआयव्हीच्या औषधांनी पुढे जे घडवले त्याची रंगीत तालीम इथे पार पडली होती. भाकीत करणाऱ्यांनी क्षयाकडे पाहिले, बाळंतिणींकडे पाहिले नाही. त्या केवळ बाळंतिणी होत्या म्हणून, की कुष्ठरोगाचा अभ्यास आणि स्त्रीरोगाचा अभ्यास वेगवेगळ्या नियतकालिकांत छापला जातो म्हणून, हे ज्याचे त्याने ठरवावे.

भाकिताची तपासणी १९९०च्या दशकात आफ्रिका, ब्राझील आणि दक्षिण भारतात झाली. कुष्ठरोग्यांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण इतर लोकांपेक्षा ठळकपणे जास्त असल्याचे बहुतेक पाहण्यांत दिसले नाही, आणि तीव्र प्रकारांची लाटही आली नाही. युगांडातल्या निरीक्षणात तर एचआयव्ही असलेल्यांत पहिल्या प्रकारची रिअ‍ॅक्शन कमी व्हायच्या ऐवजी जास्त आढळली. सर्वांत बोलका पुरावा रिओ दि जानेरोच्या ओस्वाल्डो क्रूझ संस्थेतून १९९५ मध्ये आला. एचआयव्ही आणि सौम्य प्रकारचा कुष्ठरोग दोन्ही असलेल्या रुग्णांच्या चट्ट्यांचे तुकडे तपासले, तेव्हा रक्तात सीडी-४ पेशी, म्हणजे एचआयव्ही ज्यांच्यावर घाला घालतो त्या प्रतिकारपेशी, घटलेल्या असूनही चट्ट्यात त्या हजर होत्या आणि जंतूभोवती त्यांनी नेहमीसारखा वेढा रचला होता. कुष्ठजंतू इतका मंद आहे की त्याला आवरायला उरलेसुरले बळही बराच काळ पुरते, असा याचा अर्थ लावता येतो. यावर एक आक्षेप रास्त आहे. कुष्ठरोग प्रकट व्हायला सरासरी पाच वर्षे, कधी वीसही लागतात. एड्सच्या टप्प्यात गेलेला रुग्ण त्या काळी वर्ष-दोन वर्षांत दगावत असे. तेव्हा कुष्ठरोग वाढलाच नाही असे नसून तो दिसायला रुग्ण जगलेच नाहीत, असेही असू शकेल. हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. जगण्याची मुदत हा एक घटक नक्कीच होता. पण प्रश्न केवळ मुदतीचा असता तर औषधे आल्यावर कुष्ठरोगाचे रुग्ण पुढच्या पाच-दहा वर्षांत सावकाश, विखरून सापडायला हवे होते. ते सापडले पहिल्या काही महिन्यांत, आणि पेटलेल्या अवस्थेत.

एचआयव्हीवरचा तिहेरी औषधांचा उपचार, म्हणजे एआरटी, १९९६ मध्ये रूढ झाला. थोड्याच वर्षांत डॉक्टरांच्या लक्षात आले की सीडी-४ पेशी परत वाढताना काही रुग्णांमध्ये दबलेला क्षय आणि इतर संसर्ग उसळून येतात. कुष्ठरोगाची अशी नोंद २००३ मध्ये लंडनमधून प्रसिद्ध झाली. रुग्ण मूळचा युगांडाचा, आणि लिहिणाऱ्यांमध्ये कुष्ठरोगतज्ज्ञ डायना लॉकवुड होत्या. पाठोपाठ ब्राझील आणि फ्रेंच गयानामधून नोंदी आल्या. भारतात सरकारी मोफत एआरटी एप्रिल २००४ मध्ये सुरू झाली, मुंबईचे जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक, आणि लगेचच्या दोन-तीन वर्षांत दिल्ली आणि मुंबईच्या त्वचारोग विभागांनी आपापले रुग्ण त्वचारोगांच्या नियतकालिकात मांडले. भारतात ही नजर तयार असण्याचे एक साधे कारण आहे: आपल्याकडे त्वचा, गुप्तरोग आणि कुष्ठरोग ही एकच विद्याशाखा, त्यामुळे सकाळी एचआयव्हीच्या रुग्णाचे पुरळ पाहणारा डॉक्टरच दुपारी कुष्ठरुग्णाची नस चाचपतो. युरोपात हे दोन रोग भेटायला उष्ण कटिबंधीय रोगांचे खास रुग्णालय लागले. २०१० मध्ये पॅट्रिशिया डेप्स आणि लॉकवुड यांनी या घटनेची व्याख्या सुचवली: एआरटी सुरू झाल्यापासून साधारण सहा महिन्यांच्या आत कुष्ठरोग किंवा त्याची रिअ‍ॅक्शन दिसणे, सोबत विषाणू घटल्याची आणि प्रतिकारशक्ती सुधारल्याची चिन्हे. काहींत आधी न कळलेला रोग उघडा पडतो, काहींत आधीच निदान झालेला किंवा उपचार संपलेला रोग भडकतो.

हा सारा योगायोग आहे, असा दुसरा आक्षेप घेता येतो. कुष्ठरोग असलेल्या देशात हजारो माणसे एआरटी सुरू करतात, त्यांतल्या काहींना त्याच सुमारास कुष्ठरोग निघणारच. शिवाय एआरटीवरचा रुग्ण दर महिन्याला दवाखान्यात येतो, तपासला जातो, म्हणून त्याचा चट्टा पकडला जातो. नोंदी मोजक्या आहेत आणि नवलाईच्या गोष्टीच छापून येतात, हेही खरे. पण योगायोगाला रोगाचा प्रकार समजावून सांगता येत नाही. नोंदवलेल्या बहुतेकांना सौम्य बाजूचा, म्हणजे जोरदार प्रतिकाराची गरज असलेला प्रकार होता, आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या सीडी-४ पेशी उपचारापूर्वी फार खाली गेलेल्या होत्या. इतक्या खंगलेल्या शरीरात रोग उगवायचाच तर तो जंतूंनी भरलेला उगवायला हवा. तसे न होता दाहाने व्रण पडलेले चट्टे दिसले, जे एरवीच्या रिअ‍ॅक्शनमध्येही क्वचित दिसतात. शिवाय एचआयव्हीशी काही संबंध नसलेला एक समांतर पुरावा अमेरिकेतून २००६ मध्ये आला. सांधेदुखीसाठी इन्फ्लिक्सिमॅब हे प्रतिकार दाबणारे औषध घेत असलेल्या दोन रुग्णांना कुष्ठरोग निघाला, आणि ते औषध थांबवल्यावर दोघांनाही पहिल्या प्रकारची रिअ‍ॅक्शन आली. बाळंतीण, एआरटीचा रुग्ण, इन्फ्लिक्सिमॅब सोडलेला रुग्ण: तिघांत समान आहे ती फक्त परत येणारी ताकद.

मग प्रतिकारच घातक असेल तर एआरटी द्यावी का, असे कुणी विचारले तर उत्तर निःसंदिग्ध आहे. एआरटी न देणे म्हणजे माणूस जाऊ देणे. रिअ‍ॅक्शन आली की औषध थांबवण्याची जुनी सवय इथे डोकावण्याचा धोका मात्र खरा आहे, आणि आता थांबवण्याजोगी औषधे दोन आहेत, एआरटी आणि एमडीटी. दोन्ही चालू ठेवायची आणि वर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड द्यायचे, हाच मार्ग; सुरुवात साधारण ४० मिलिग्रॅमने, मग हळूहळू उतरवत तीन ते पाच महिने. आधीच दुबळ्या शरीराला स्टेरॉइड देताना क्षय दडला नाही ना हे पाहावे लागते, पण एचआयव्ही असलेल्यांच्या नसाही स्टेरॉइडला इतरांसारखाच प्रतिसाद देतात असा अनुभव आहे. बारकावे आणखी आहेत. क्षयावर रोज दिले जाणारे रिफाम्पिसिन एआरटीतल्या काही गोळ्यांचा प्रभाव घटवते, एमडीटीत ते महिन्यातून एकदाच असल्याने अडचण बरीच कमी. जुन्या एआरटीतले झिडोव्हुडिन आणि एमडीटीतले डॅप्सोन दोन्ही रक्त कमी करणारी, त्यामुळे जोडीने देताना हिमोग्लोबिनवर नजर ठेवावी लागे.

अशा रुग्णांची संख्या थोडी आहे म्हणून या प्रश्नाला किती महत्त्व द्यावे, असे म्हणणाऱ्यांसाठी एक शेवटची गोष्ट. दर १०,००० लोकांमागे एकाहून कमी रुग्ण हा निर्मूलनाचा निकष गाठल्याचे भारताने २००५च्या अखेरीस जाहीर केले. आजही जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक, वर्षाला सुमारे १ लाख, भारतातच सापडतात. त्या निकषात रुग्ण म्हणजे त्या दिवशी गोळ्या चालू असलेला माणूस. सहा किंवा बारा महिन्यांचा कोर्स संपला की तो यादीतून वजा होतो, मग दोन वर्षांनी त्याचे चट्टे पेटोत की नस जावो. जंतू म्हणजेच रोग हे जुने समीकरण इथे आकडेवारीच्या रूपात शाबूत आहे. तो निकष गाठल्याच्या सुमारासच कुष्ठरोगाची स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाली आणि नस चाचपून तिची जाडी सांगू शकणारे तंत्रज्ञ एकेक करून निवृत्त झाले. एआरटी केंद्रावर प्रत्येक भेटीत क्षयासाठी चार गोष्टी विचारल्या जातात: खोकला, ताप, वजन घटणे, रात्री घाम येणे. कुष्ठरोग अजून टिकून असलेल्या जिल्ह्यांत, विदर्भातल्या आणि कोकणपट्टीतल्या केंद्रांवर निदान, पाचवी गोष्ट विचारायला हरकत नाही: अंगावर कुठे बधिर चट्टा आहे का, पूर्वी कधी कुष्ठरोगाच्या गोळ्या घेतल्या होत्या का. आणि ती एआरटीची पहिली गोळी देण्याआधी विचारली पाहिजे, कारण मंदावलेल्या नसेला स्टेरॉइडने परत आणता येते ते नस मंदावल्यापासूनच्या पहिल्या सहाएक महिन्यांतच, आणि रिअ‍ॅक्शनही एआरटीच्या पहिल्या सहा महिन्यांतच येते.